रिकामी गाडी शहाणी, भरली की वेडी

'काका, रामराम. मी पारोळा तालुक्यातला, वय 24. आधी पिकअप चालवायचो, हेवीचं लायसन होऊन वर्ष झालं. तीन महिन्यांपासून जळगावच्या एका शेठकडे दहाचाकी गाडीवर आहे. गाडी पूर्वी चटई आणि पाइपाच्या मालावर होती, बॉडी लांब आहे. आता शेठनी सरकी पेंडीच्या भाड्याला लावली, जळगाव ते सुरत. माल 18 टन, काट्यावर गाडीसकट एकूण 28 च्या आतच भरते. रिकामी असली की गाडी लोण्यासारखी चालते. भरली की पन्नासच्या वर स्टेअरिंग एकदम हलकं लागतं आणि गाडी लहरते. वळणावर मागचं अंग झुकतं आणि उशिरा सरळ होतं. ब्रेक मारला की डावीकडे ओढते. मागच्या खेपेला कोंडाईबारीचा घाट उतरताना माझे पाय कापत होते. शेठ म्हणतात, नवीन आहेस, सवय होईल. जुने ड्रायव्हर हसतात. घरी बापाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, बहिणीचं लग्न ठरलंय. दोष माझ्या हातात आहे की गाडीत? आणि गाडीत असेल तर शेठला सांगू कसं?'

रामराम भाऊ. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर थांबलो, ते तू सहज लिहून पुढे गेलास. 'गाडी पूर्वी चटई आणि पाइपाच्या मालावर होती, बॉडी लांब आहे.' तुझं निम्मं उत्तर त्या वाक्यात आहे.

चटई आणि पीव्हीसी पाइप हा फुगीर माल. जागा खातो, वजन करत नाही. म्हणून त्या भाड्याच्या गाड्यांची बॉडी मागे दोन-तीन फूट वाढवून घेतात. त्या मालाला ते चालून जातं. आता त्याच बॉडीत पेंडीची पोती आली. हमाल काय करतात? केबिनपासून फाळक्यापर्यंत, म्हणजे मागच्या दरवाज्यापर्यंत, सारखे थर लावत जातात, कारण उंच थर चढवण्यापेक्षा लांब पसरवणं त्यांच्या पाठीला सोपं. बॉडी लांब, म्हणून माल लांब. आणि मागच्या चाकांच्याही मागे तीन-चार टन वजन लोंबकळत राहतं.

शेतकऱ्याचा मुलगा आहेस, बैलगाडी भरलेली पाहिली असशील. कडबा मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेला ओझंच राहत नाही. पुढे जास्त झाला तर धुरजड होते, बैल मान टाकतात. आपले आजे गाडी भरून झाली की जू हाताने उचलून बघायचे आणि मगच बैल जुंपायचे. तुझी दहाचाकी उलाळ झाली आहे, एवढंच. पुढच्या दोन चाकांवर ओझं कमी पडलं की ती रस्ता धरत नाहीत. स्टेअरिंग हलकं लागतं ते त्यामुळे. पॉवर स्टेअरिंग चांगलं असल्याची ती खूण नाही.

माझ्या अंदाजावर विसंबू नकोस, मोजून घे. काट्यावर गाडी एकदा पूर्ण चढवतोसच. पुढच्या खेपेला दोन वजनं घ्यायची. आधी फक्त पुढची दोन चाकं काट्याच्या पाटावर आणि मागची बाहेर. आकडा लिहून घे. मग पूर्ण गाडी. एकूणातून पुढचं वजा केलं की मागच्या आठ चाकांवरचं निघतं. काटा आणि बाहेरचा रस्ता एका पातळीत असलेला काटा निवड, नाहीतर आकडा फसवतो. काटेवाला कुरकुर करेल, दुसऱ्या पावतीचे पैसे दे आणि गप्प कर.

आता हे आकडे कशाशी ताडायचे? केंद्र सरकारने 2018 मध्ये एक्सलवरच्या, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यावरच्या, वजनाची मर्यादा वाढवली. तुझ्यासारख्या गाडीला पुढच्या एक्सलवर 7 टन आणि मागच्या जोड-एक्सलवर 21 टन, मिळून 28. शेठ म्हणतात 28 च्या आत आहे, ते खरं बोलतात. पण समज पावती आली, पुढे 4.9 आणि मागे 23.1. बेरीज 28 च येते. बेरजेत गाडी कायद्यात बसली आणि मागच्या एक्सलवर दोन टनांनी बाहेर गेली. काट्यावरचा एक आकडा बघणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, आणि आपल्याकडे सगळे एकच आकडा बघतात.

उपाय भरण्यातच आहे. पोती केबिनकडच्या फळीला टेकवून सुरू करायची, पुढे थर वाढवायचे, मागे पायरीसारखे उतरवत आणायचे आणि फाळक्याजवळची दोन-अडीच फूट जागा रिकामी ठेवायची. हिशेब सांगतो. पुढचा एक्सल आणि मागच्या जोडीचा मध्य यांच्यात 16 फूट अंतर धर. एक टन माल, म्हणजे 50 किलोची 20 पोती, मागून 8 फूट पुढे सरकवली की पुढच्या एक्सलवर अर्धा टन वाढतो. 60 पोत्यांची जागा बदललीस तर दीड टन. 4.9 चे 6.4 झाले आणि मागचे 21.6. अजून 24 पोती तशीच पुढे घेतलीस की मागचंही 21 मध्ये बसतं आणि पुढचं 7 च्या वर जात नाही. फक्त थर अति उंच करू नकोस, वजन वर गेलं की वळणावरचा झोक वाढतो. पायरीच्या शेवटच्या पोत्यांना आडवा दोर टाक, नाहीतर रिकाम्या जागेत घसरत येतील. आणि 25-30 किलोमीटरवर थांबून दोर पुन्हा ताण, कारण पेंडीची पोती हादऱ्याने बसतात आणि दोर सैल पडतो. हमाल दादांना आधीच सांग, चहा पाज. माल चढल्यावर सांगितलंस तर शिव्या खाशील, आणि त्या शिव्या रास्त असतील.

एवढं करूनही वळणावरची तक्रार पूर्ण जाईल असं मला वाटत नाही. 'मागचं अंग उशिरा सरळ होतं' हे दुखणं वेगळं आहे. त्यासाठी गाडीखाली शिरावं लागेल.

सपाट जागी, दिवसाउजेडी, चाकांना दगड किंवा ठोकळे लावून. आधी कमानी बघ, म्हणजे एकावर एक पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा. वरचा मोठा पाटा सगळे बघतात, तुटतो तो बहुधा दुसरा किंवा तिसरा. कापडाने माती पूस; तडा असला तर तिथे गंजाची तांबडी रेघ किंवा घासून चकाकलेली जागा दिसते. मग यू-बोल्ट, कमान एक्सलला आवळून धरणारे. ज्या गाडीने कधीकाळी जास्त वजन वाहिलंय तिचे यू-बोल्ट सैल सापडतातच. कमानीचे पाटे मधोमध जोडणारा सेंटर बोल्ट तुटला असेल तर एक्सल कमानीवरून सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते, बैल जुवातून अंग चोरून चालतो तशी. मागून येणाऱ्या ड्रायव्हरला हे आधी दिसतं, आतल्याला शेवटी. मग बोगीचे टॉर्क रॉड, म्हणजे मागचे जोड-एक्सल जागेवर धरणारे दांडे. त्यांचे रबरी बुश संपले की मागची चाकं आपल्याच मनाने थोडी थोडी वळतात. रिकाम्या गाडीत कळत नाही, वजन पडलं की कळतं. जुने ड्रायव्हर याला नुसतं 'गाडी लहरते' म्हणतात आणि सोडून देतात.

एक सोपी चाचणी. भरलेली गाडी सपाटीवर उभी करून मागच्या टायरचा माथा आणि चेसी यांच्यातलं अंतर डाव्या-उजव्या बाजूला टेपने मोज. फरक बोटभर असेल तर चालतं, चार बोटं असेल तर थेट कमानीवाल्याकडे जा.

टायरचं थोडक्यात सांगतो, कारण हे तुला कोणीही सांगेल. हवा सकाळी थंड टायरमध्ये, गेजने. हातोडीचा आवाज ऐकून हवा ओळखणारे मी खूप पाहिले, जोड चाकातलं आतलं टायर बसलेलं त्यातल्या एकालाही कळत नव्हतं. आतलं बसलं की बाहेरचं दुप्पट वजन ओढतं, तापतं आणि फुटतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 ला टेकतो तेव्हा रस्त्याचा डांबर काय असेल याचा विचार कर. आणि तापलेल्या टायरची हवा वाढली म्हणून ती सोडू नकोस, थंड झाल्यावर कमी पडते.

आता ब्रेक. गाडी डावीकडे ओढते म्हणून डावीकडचा ब्रेक खराब, असं गॅरेजमध्ये सांगू नकोस. बहुतेक वेळा उजवीकडचा कमी लागत असतो आणि डावा बिचारा एकटा काम करत असतो. पाच-सात किलोमीटर ब्रेक वापरत चालव, थांब, आणि प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात ने. लावू नकोस, फक्त जवळ ने. ज्या ड्रमची ऊब येत नाही तो ब्रेक लागत नाही. कारण स्लॅकचं, म्हणजे ब्रेक किती लागावा ते ठरवणाऱ्या दांडीचं, ॲडजस्टमेंट असेल, हबच्या सीलमधून ग्रीस ब्रेकच्या लायनरवर आलं असेल, किंवा हवेच्या चेंबरचा रबरी पडदा (डायफ्राम) गळत असेल. इंजिन बंद करून ब्रेक दाबून धर आणि हवेचा काटा बघ. काटा उतरत राहिला आणि कुठेतरी फुस्स ऐकू आलं, तर त्या गाडीने माल भरायला जायचं नाही, गॅरेजला जायचं.

तू विचारलंस दोष हातात की गाडीत. जी गाडी रिकामी सरळ चालते आणि भरली की बिघडते, तिच्यात दोष आहे, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण तुझे हात अगदी निर्दोष आहेत असंही नाही. पिकअपवरून आला आहेस. गाडी लहरली की तू स्टेअरिंग उलट फिरवत असणार, मग ती दुसरीकडे जात असणार, मग परत. अर्धं लहरणं तिथे तयार होतं. लहरायला लागली की पाय ॲक्सिलरेटरवरून हळू उचल, स्टेअरिंग सरळ धरून ठेव, ब्रेकवर उडी मारू नकोस. वेग उतरला की ती आपोआप शांत होते.

आणि ते 'सवय होईल'. याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय.

मी नवीन होतो तेव्हा सावद्याहून केळी भरून उत्तरेत जायचो. माझ्याकडे होती ती गाडी उजवीकडे ओढायची. उस्ताद म्हणाले, सवय होईल. झाली की! महिन्याभरात माझा डावा हात आपोआप स्टेअरिंग ओढून धरायला लागला, आणि गाडी सरळ चालते असं मी शपथेवर सांगितलं असतं. आठ महिने गेले. बहिणीच्या लग्नाला सुट्टी घेतली, गाडी दुसऱ्या ड्रायव्हरने अकोल्याला नेली. तो मुक्ताईनगरपासून परत फिरला. गाडी मालकाच्या दारात लावली आणि मला निरोप पाठवला, 'अरे भो, तू ही चालवतो तरी कशी?' खाली बघितलं तर पुढच्या कमानीचे दोन पाटे तुटलेले आणि पुढची चाकं वळवणाऱ्या टायरॉडचा एंड अंगठ्याने हलत होता. आठ महिने मी त्या एंडच्या भरवशावर सातपुड्याच्या कडेकडेने केळी नेत होतो. मला सवय झाली होती, एंडला झाली नव्हती.

म्हणून तुझे पाय कापले हे मला बरं वाटलं. अजून तीन महिने गेले असते तर कापले नसते. एक काम कर. त्या हसणाऱ्या जुन्या ड्रायव्हरांपैकी जो सगळ्यात कमी बोलतो त्याला गाठ. भरलेली गाडी त्याला पारोळ्यापर्यंत चालवायला दे, तू शेजारी बस. त्याचं तोंड बघू नको, त्याचे हात बघ. हात स्टेअरिंगवर सतत बारीक बारीक दुरुस्ती करत असतील तर तुला उत्तर मिळालं.

दुरुस्ती होईपर्यंत काय? तुझा रस्ता मला पाठ आहे. आम्ही अजून त्याला सहा नंबरच म्हणतो, कागदावर तो 53 झाला. एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री इथवर सपाटी आहे, गाडी लहरली तरी सावरायला जागा मिळते. दहिवेल सोडलं की खेळ बदलतो. तू सुरतेला भरून जातोस, म्हणजे कोंडाईबारी तुला उतरायची असते तीही पूर्ण वजनानिशी. माझं ऐकशील तर या अवस्थेत ती गाडी घाटात घालूच नकोस, धुळ्यालाच लाव. धुळ्यात कमानीवाले आणि ब्रेकवाले दोन्ही मिळतात, मुंबई-आग्रा रस्त्याच्या गाड्यांवर तर त्यांचं पोट चालतं.

आणि दुरुस्त गाडी घेऊन उतरतानाही, घाटाच्या डोक्यावर थांबून ब्रेकची हवा बघायची, दोर बघायचा. ज्या गिअरमध्ये हा घाट भरून चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची, एक्झॉस्ट ब्रेक लावून, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा ब्रेक. ब्रेकवर पाय ठेवून घसरत जायचं नाही. दाबायचा, वेग पाडायचा, सोडायचा, ड्रमला श्वास घेऊ द्यायचा. जळका वास आला की जागा मिळेल तिथे थांबायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे आणि त्यापुढे जाऊन इंजिन बंद करणारे तुला भेटतील. इंजिन बंद झालं की कॉम्प्रेसर बंद, हवा भरायची थांबते आणि पॉवर स्टेअरिंगही जातं. वाचलेल्या डिझेलचे पैसे कोण मोजणार ते त्यांनाच विचार.

शिरपूर तालुक्यातलं पळासनेर तुला आठवत असेल. 4 जुलै 2023. सेंधव्याकडून घाट उतरून आलेल्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले, पुढच्या गाड्यांना धडका देत तो रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. त्यातली काही नुसती गाडीची वाट बघत उभी होती. त्याच वर्षी, वेगळ्या कारणाने, आमचा जुना औट्रम घाट खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना बंद झाला. चाळीसगावकडून कन्नडला चढताना आम्ही गाडी शिकलो. आजच्या पोरांना ती शाळाही राहिली नाही, म्हणून हे सगळं लिहून सांगावं लागतंय.

शेठला कसं सांगायचं हा खरा अवघड प्रश्न, मला माहीत आहे. 'मला भीती वाटते' असं म्हणू नकोस. खोटं आहे म्हणून नव्हे, शेठच्या वहीत भीतीला रकाना नाही म्हणून. पावती समोर ठेव. 'शेठ, एकूण बरोबर आहे, पण मागे दोन टन जास्त आणि पुढे दोन टन कमी पडतंय. मागचे आठ टायर झिजतायत. पोती पुढे लावली तर फुकटात होतं. ब्रेक आणि टॉर्क रॉडचं काम मात्र करावं लागेल.' टायरचा भाव शेठला तोंडपाठ असतो, पुढचा हिशेब ते स्वतःच करतील. आणि बोलणं सकाळी, एकटे असताना. पेढीवर चार माणसं बसलेली असताना कुठलाच मालक ड्रायव्हरचं ऐकत नाही.

बोलून झालं की तेच व्हॉट्सॲपवर पाठव, पावतीचा आणि तुटलेल्या भागाचा फोटो जोडून, साध्या आदराच्या भाषेत. भांडणासाठी नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 190 दोष माहीत असताना गाडी रस्त्यावर चालवणाऱ्याला धरतं आणि चालवायला लावणाऱ्यालाही. तुला दोष माहीत आहे, हे तर तू मलाच लिहून दिलंस. शेठलाही माहीत होता, याचा कागद तुझ्याकडे असू दे. उद्या शेठ म्हणाले, दोन टन अजून टाक, तर कलम 194 चा दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि माल तिथेच उतरवायचा खर्च वेगळा, हेही सांग. बॉडीची लांबी आरसीशी, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकाशी, जुळते का तेही एकदा हळूच बघ. जुळत नसेल तर अपघातानंतर विम्याच्या माणसाला बोट ठेवायला ती जागा आयती मिळते. ही गोष्ट शेठला कायद्यापेक्षा लवकर पटते, असा माझा अनुभव.

शेठ तरीही नाही म्हणाले तर? बापाचं कर्ज आणि बहिणीचं लग्न माझ्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून 'उद्याच सोड' असं मी लिहिणार नाही. आठ दिवस मागून घे. तेवढ्यात रिकाम्या किंवा हलक्या मालाच्या खेपा माग, तीच गाडी चटईवर चांगली चालत होती ना. आणि त्याच आठ दिवसांत पाळधी फाट्यावर, एमआयडीसीत चार ठिकाणी विचारून ठेव. ड्रायव्हरवाचून उभ्या असलेल्या गाड्या तुला दिसतील. आठव्या दिवशी गाडी होती तशीच असेल, तर किल्ली शेठच्या हातात दे, नमस्कार कर, राहिलेला पगार तिथेच माग. बहिणीच्या लग्नाला तू उभा हवास.

सोमवारी माल भरशील तेव्हा दोन्ही पावत्यांचा फोटो मला पाठव. पुढच्या एक्सलचा आकडा ठळक लिही, माझा चष्मा जुना आहे.